नारळाच्या दह्यातली एक चमचा चूक

शाल्मलीच्या कानामागे पुन्हा लाल पुरळ उठलं होतं.

"खाजवू नकोस," आई तिसऱ्यांदा म्हणाली. तिने बॅटरी लावून कान पाहिले, मग मान, मग जीभ. औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. "श्वास नीट घेता येतोय ना?"

"आई, मी बोलतेय म्हणजे श्वास घेतेयच ना!"

दुपारचे तीन वाजले होते. सहाच्या आत सागरतळ शिबिराचा अर्ज पाठवायचा होता. समुद्राखालच्या प्रयोगशाळेत दहा दिवस! पण अर्जात एक रकाना होता: 'अ‍ॅलर्जीचा त्रास कशाकशाने होतो?' कारण माहीत असेल तर तिथले लोक काळजी घेणार होते. कारणच सापडत नसेल, तर प्रवेश नाही.

शाल्मलीला दूध चालत नसे. सोयाबीन, काजू, शेंगदाणेही नाहीत. म्हणजे दुधाऐवजी बाजारात मिळणारं जवळजवळ काहीच नाही. आई प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं दोनदा वाची. शेवटी गेल्या सोमवारी तिने नारळाच्या दुधाचं दही लावलं आणि शाल्मलीला कितीतरी दिवसांनी दहीभात मिळाला. आणि पुरळही.

"ढवळ्या, दह्यात काय काय होतं?" आईने विचारलं.

ढवळ्या म्हणजे स्वयंपाकघरातला यंत्रमानव. "नारळाचं दूध. तांदळाची पेज. चिमूटभर साखर. हे तुम्ही आजच्या दिवसात सहाव्यांदा विचारताय."

"मग सातव्यांदा सांग!"

दारातून हसू ऐकू आलं. सुधाआजी आली होती. ही आईची मावशी. तिने अवकाशस्थानकांसाठी जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे, एका पेशीचे जीव) सांभाळण्यात तीस वर्षं घालवली होती.

"तू आधी बस बघू," ती आईला म्हणाली. आई बसली आणि लगेच उठली.

"नारळच सोसत नसेल का गं, मावशी? मग तिला देऊ तरी काय? कॅल्शियमसाठी नाचणी देते, पण नुसत्या नाचणीवर..."

"थांब. शमू, तू काही लिहून ठेवलंयस?"

शाल्मलीने वही पुढे केली. मंगळवारी खूप पुरळ. बुधवारी अगदी थोडं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार काही नाही. आज रविवारी पुन्हा खूप. दहीभात मात्र रोज.

"म्हणजे नारळ सुटला," सुधाआजी म्हणाली. "नारळाचा त्रास असता तर रोज झाला असता. पुरळ कशामुळे येतं, ठाऊक आहे? दुधात केसीन नावाचं प्रथिन (शरीराची बांधणी करणारा पदार्थ) असतं. बहुतेकांना ते पोसतं. पण तुझ्या अंगातल्या प्रतिपिंडांना (शरीराचे पहारेकरी) त्याचा आकार शत्रूसारखा वाटतो. ते आरडाओरडा करतात आणि कान लाल होतात."

"पण दह्यात दूध नव्हतंच!"

"मग दही लागलं कसं?"

"पेजेमुळे," आई म्हणाली. "नारळाचं दूध घट्ट होत नाही ना."

"घट्टपणाचं झालं. दुधाचं दही आंबट झालं की केसीनचे कण एकमेकांना धरून जाळं विणतात. नारळात तसं जाळं होत नाही, म्हणून ते काम तू पेजेला दिलंस. हुशार आहेस. पण आंबटपणाचं काम कोणी केलं?"

आईचा हात पदराशी चाळा करत होता, तो थांबला.

शाल्मलीला कालची संध्याकाळ आठवली. दह्याचं पातेलं तिनेच बोटाने चाटूनपुसून साफ केलं होतं. आई ओरडली होती, "अगं, विरजणापुरतं तरी ठेवायचंस!" आणि वाटी घेऊन शेजारच्या प्रमिलाकाकूंकडे पळाली होती. दिवे लागल्यावर त्या विरजण देत नाहीत.

"विरजण!" शाल्मली ओरडली. "काकूंचं विरजण! गायीच्या दह्याचं!"

"मला कोणी सांगितलं नाही," ढवळ्या म्हणाला. "वाटीवर लेबल नव्हतं."

आई मटकन खाली बसली. "मी सगळी पाकिटं वाचली... सोमवारीही काकूंकडूनच आणलं होतं. पण विरजण कुणी सामानात धरतं का? एक चमचा तर घातला होता."

"कुणीच धरत नाही गं," सुधाआजीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "शमू, आता हिशेब तुझा. पन्नास चमचे नारळाच्या दुधात काकूंचा एक चमचा."

शाल्मली लिहू लागली. "मंगळवारी पन्नासात एक. बुधवारचं दही मंगळवारच्या दह्यातल्या एका चमच्याने लागलं, म्हणजे अडीच हजारात एक. गुरुवारी सव्वा लाखात एक! म्हणून पुरळ कमी होत गेलं. आणि काल पुन्हा नवं विरजण."

"वा! केसीन दरवेळी पातळ होत गेलं. जिवाणू मात्र नारळातली साखर खाऊन वाढत राहिले. आपल्याला तेच हवेत, त्यांच्या पाठीवरचं दूध नकोय."

"पण दुधाशिवाय जिवाणू आणायचे कुठून?" आईने विचारलं.

"ढवळ्या, हिरव्या मिरच्या आण. देठासकट."

आंबटपणा आणणारे जिवाणू मिरचीच्या देठावरही असतात. सुधाआजीने ताज्या, कोमट नारळाच्या दुधात चार देठ टाकले. "पहिली वाटी खायची नाही. देठावर नको असलेले जिवाणूही असतात. मी प्रयोगशाळेत तपासून हवे तेवढेच वाढवीन."

"आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत एक चमचासुद्धा नाही," आई म्हणाली.

पावणेसहा वाजता शाल्मलीने रकाना भरला: 'दूध, सोयाबीन, काजू, शेंगदाणे.' मग जरा थांबून पुढे लिहिलं, 'आणि ज्याच्या वाटीवर लेबल नसतं ते सगळं, विचारल्याशिवाय.'

तीन आठवड्यांनी डॉक्टरांच्या खोलीत तिने देठाच्या विरजणाचं दही खाल्लं. आईने दर पाच मिनिटांनी कान पाहिले. दोन तास झाले तरी कान कोरडे, गव्हाळ, नेहमीचे.

शिबिराची बॅग भरताना आईचा फोन वाजला. शिबिराला येणाऱ्या चंद्रपूरच्या एका मुलाची आई होती. "तुमच्या मुलीलाही दूध चालत नाही म्हणे. तुम्ही देता तरी काय हो? माझी तर झोपच उडालीय."

आईने एकदा शाल्मलीकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेरच्या उतरत्या उन्हाकडे.

"शमू, अजून एक बाटली धू. विरजण भरायचंय." आणि ती घाईने म्हणाली, "लवकर गं, दिवे लागायच्या आत!"

शाल्मली बाटली धुऊन आली. मग पेन घेऊन तिने आधी लेबल लिहिलं आणि बाटलीवर चिकटवलं.