गुडघ्यावरून गेलेली रेघ

हिरव्या रेघेचा माग काढत ती धावतच वर्गाबाहेर आली. रेघ दारातून निघून व्हरांड्याच्या भिंतीवर गेली होती. कालच पांढरीशुभ्र रंगवलेली भिंत! कोपऱ्याशी रेघ वळली आणि पुढे... चक्क एका माणसाच्या पँटवर!

पालथ्या बादलीवर एक पाय ठेवून, गुडघा भिंतीला टेकवून तरुण रंगारी खिडकी रंगवत होता. रेघ त्याच्या गुडघ्यावरून पलीकडच्या भिंतीवर उतरली होती. तिथे तेलखडू घेऊन तिच्या वर्गातली चिमुकली मुंगी उभी.

"हलू नका काका! रेघ तुटेल," मुंगीने दम भरला.

"बघा ना बाई," तो म्हणाला, "कधीचा असा अडकलोय. साधा चहासुद्धा कोणी विचारत नाही."

तिला हसू आलं नाही. चार वाजता शाळेचे विश्वस्त येणार होते. मोठ्या बाईंनी सकाळीच बजावलं होतं, "रेघोट्यांचे खेळ पुरे. आज काही गडबड झाली, तर सोमवारपासून येऊ नका."

आणि वर्गात तिनेच तर सांगितलं होतं — हात उचलायचा नाही, रेघ तुटू द्यायची नाही! कागदाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या रेघा काढणारी ही पोर... आज तिला कागदच पुरला नव्हता.

"पुसता येईल?"

"तेलखडू आहे. पसरेल."

"मग वरून रंग?"

"त्यावर रंग धरत नाही. खरवडावं लागेल. चारपर्यंत नाही व्हायचं." त्याने प्रथमच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतला मिश्कीलपणा विरला. "माझ्या पोराने केलं म्हणून सांगतो."

"तुम्हाला मूल आहे?" प्रश्न जरा घाईनेच निघाला.

"छे! लग्नच कुठे झालंय..."

अशा संकटातही तिचे कान तापले. तेवढ्यात चपलांचा ओळखीचा टपटप आवाज. मोठ्या बाई!

त्याने तोंड उघडलं, पण तीच पुढे झाली. "हात उचलू नको, असं मीच सांगितलं होतं. मुंगीची चूक नाही. यांचीही नाही."

मोठ्या बाई रेघेला धरून चालत गेल्या, परत आल्या. "ही तीच ना, खडू धरायला घाबरणारी?"

"हो."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "चार वाजता ही भिंत मुद्दाम केल्यासारखी दिसली पाहिजे. नाहीतर सकाळचं बोलणं आठवा."

रंगाऱ्याने पाय खाली घेतला, आणि हिरव्या रेघेत गुडघ्याएवढी फट पडली. त्याने सुताला नीळ चोळली, एक टोक तिच्या हाती दिलं.

"घट्ट धरा. सैल पडलं की गेलं सगळं."

सूत दोघांमध्ये ताणलं गेलं. त्याने ते चिमटीत ओढून सोडलं. फट्! हिरव्या रेघेखाली सरळ निळी रेघ उमटली. वर्गातून बाहेर जमलेली मुलं किंचाळलीच.

"ही सरळ. आणि मुंगीची?" तिने मुलांना विचारलं.

"नागमोडी!"

मग दोन रेघांच्या मधे उभ्या, तिरक्या, गोल फिरणाऱ्या रेघांची झुंबड उडाली. सूत पुढे सरकत राहिलं. दर वेळी त्याच्या हाताची ओढ तिच्या बोटांपर्यंत पोचायची...

"बाई, हात थरथरतोय," तो हळूच म्हणाला.

"चार वाजत आलेत म्हणून."

"बरं. चार वाजत आलेत म्हणून."

विश्वस्त आले. त्यातले एक म्हातारे गृहस्थ रेघेवरून बोट फिरवत निघाले आणि फटीशी थबकले. "इथे का तुटली?"

मुंगीने रंगाऱ्याकडे बोट दाखवलं. "तिथे हे काका होते. हलले!"

म्हातारबुवा खो खो हसले. जाता जाता मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर या."

मुलं घरी गेली. तो कुंचले धूत होता. ती फटीशी उभी.

"उद्यापासून दुसरीकडे काम?"

"हो."

"ती पँट... डाग निघणार नाही."

"काढायचाय कुणाला?"

ती खाली बघत राहिली. आता हा जाणार... आणि फट तेवढी राहणार.

त्याने कुंचले ठेवले. बादली भिंतीशी पालथी घातली, पाय वर ठेवला, गुडघा नेमका त्या जागी टेकवला. रेघेला रेघ जुळली.

"तुम्हीच म्हणता ना बाई — तुटू द्यायची नाही?"

तिने मान वर केली. आता हसू आवरत नव्हतं.

"मग हलू नका," ती म्हणाली. "मी चहा आणते."