बादलीचं चित्र

तारीख सांगायला गेलो तर मी चुकेन. माझा हल्ली स्वतःच्या आठवणींवर फारसा भरवसा नाही. पण वार गुरुवार आणि वेळ रात्री सव्वाआठ, एवढं पक्कं. आमच्या रुग्णालयात मेंदूच्या चाचण्या घेणाऱ्या डॉक्टरांच्या बाबतीत घडलेलं सांगतो. दिवा राहू दे रे, विझवू नकोस.

टेलरकाकांच्या दुकानात राहिलेली चित्रांची पेटी आणायला ते निघाले होते.

टेलरकाकांना झटका येऊन वाचाघात झाला होता. तोंडात एकच शब्द उरला, 'आधी'. हात शाबूत. मुलगा म्हणाला होता, "त्यांना दुकान पुन्हा उघडायचंय. डोकं चालतंय का, तेवढं लिहून द्या." डॉक्टरांनी दुकानातच सदऱ्याची पाच चित्रं तीनदा ओळीने लावायला दिली: कापड आणणं, कापणं, शिवणं, धुणं, घालणं. काकांनी धुण्याचं, बादलीत बुडवलेल्या कापडाचं चित्र तिन्ही वेळा दुसऱ्या जागी ठेवलं. वर बोट आपटून म्हणाले, "आधी."

"अहो बाबा, शिवायचं राहिलं, मग धुताय काय?" सून हसली. डॉक्टरही हसले. अहवालात लिहिलं, कामाचा क्रम ठरवता येत नाही. खाली सुबक सही केली. दुकानाला कुलूप लागलं आणि काकांची रवानगी वृद्धाश्रमात झाली.

त्या रात्री दुकानाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत मशीनपाशी टेलरकाका.

"अरे वा, घरी आणलं वाटतं तुम्हाला?"



काकांनी पेटी उघडली. चित्रं मांडली. सावकाश. दुसऱ्या जागी... बादली.

"पुन्हा तेच, काका."

काकांनी वर पाहिलं.

"आधी..."



जिन्यावरून मुलगा उतरला. हातात किल्ली. "डॉक्टर? कुलूप कोणी काढलं?"

"तुमच्या वडिलांनीच. हे काय..."

डॉक्टर वळले. स्टूल रिकामं.

"बाबा दुपारीच वारले, डॉक्टर. आश्रमात."

चित्रं टेबलावर होती. चार कोरडी. दुसरं... निथळत होतं.

ते त्यांनी पुसून पेटीत ठेवलं. सकाळी पुन्हा ओलं.

पुढे कित्येक वर्षांनी, निवृत्तीनंतर, डॉक्टर कोरं सुती कापड घेऊन दुसऱ्या एका शिंप्याकडे गेले. तो म्हणाला, "भिजवून आणलंय ना, साहेब? भिजवायचं, वाळवायचं, मगच कात्री. नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं."

डॉक्टरांनी त्या आठवड्यात आणखी तीन शिंप्यांना विचारलं. तिघांनीही तेच सांगितलं.