पुढच्या बोटीचा भोंगा

ती खिडकी उघडू नकोस, अस्मिता. उकडतंय, मान्य आहे. पंखा लावते. का ते सांगते, मग हस हवं तर.

फेब्रुवारीत मी क्षितिजला आणायला होक्काइदोला गेले होते. समुद्रातल्या बर्फाच्या संशोधनापायी हा माणूस महिनाभर घरी फिरकला नव्हता! शेवटी मीच थालीपिठांचा डबा घेऊन कोबेहून विमानात बसले आणि थेट त्या बंदरावर जाऊन थडकले. त्याची बोट दुपारी परतणार होती. बंदरात शिरणाऱ्या बोटींना सूचना द्यायचं काम मोरिता-सानांचं. त्यांनी मला वरच्या काचेच्या खोलीत हीटरशेजारी बसवलं. रॉकेलचा वास कोंडला होता. बाहेर इतका बर्फ पडत होता की समुद्र दिसतच नव्हता, नुसता ऐकू येत होता. बर्फाच्या लाद्या एकमेकींवर घासत होत्या, झोपेत कुणी दात खावेत तशा.

मी घाबरू नये म्हणून मोरिता-सानांनी नियम समजावला. बर्फ दाटला की बंदरातली टगबोट तो फोडत पुढे चालते. तिनं एक लांब भोंगा दिला म्हणजे ‘माझ्या मागून या’. मागच्या बोटीनं तस्साच भोंगा परत द्यायचा. एकदा दिला की मागची बोट पुढच्या बोटीच्या हवाली.

तेवढ्यात क्षितिजचा फोन आला. स्वारी भलतीच खूश.

“सुप्रभा, आलोच! टग पुढे आहे, तिचा मागचा दिवा दिसतोय. आणि ऐक ना, कप्तानानं भोंगा मला वाजवू दिला!”

“वाजव बाबा. पण लवकर ये, थालीपिठांचे दगड झालेत.”

फोनमधून एक लांब, घोगरा भोंगा ऐकू आला. मग अगदी जवळून यांच्या बोटीचा.

“तुमची टग भेटली त्यांना,” मी मोरिता-सानांना सांगितलं.

तुला माहितीये ना, इथे जपानात कामावर माणसं प्रत्येक गोष्टीकडे हात रोखून मोठ्यानं ‘योशी’ म्हणतात? म्हणजे ‘ठीक आहे’. मोरिता-सानांनी खिडकीतून खाली हात रोखला. पण योशी काही म्हणाले नाहीत.

खाली धक्क्याला टग बांधलेली होती. दोरांवर बर्फ साचला होता.

“इंजिन सकाळपासून बंद आहे,” ते म्हणाले. “मी त्यांना बाहेरच थांबायला सांगितलं होतं... बाई, त्यांना पुन्हा उत्तर देऊ नका म्हणावं...”

त्यांनी वायरलेस उचलला. नुसती खरखर. मी फोनमध्ये ओरडले.

“क्षितिज, टग इथे आहे! माझ्या डोळ्यांसमोर! थांबा!”

“काहीतरीच काय, दिवा तर...”

“माझी शपथ आहे तुला! थांबव बोट!”

तो कप्तानाला ओरडून काहीतरी म्हणाला. इंजिनाचा आवाज उतरला. मग पुन्हा तो भोंगा आला. थोड्या वेळानं आणखी जवळून... कुणी उत्तर दिलं नाही. मला फक्त क्षितिजचा श्वास ऐकू येत होता.

बर्फ पडायचा थांबला तेव्हा त्यांच्यासमोर फोडलेल्या बर्फातून सरळ काळी वाट गेलेली दिसली. बंदराच्या तोंडाकडे नाही, शेजारच्या खडकांकडे. वाटेत बोट कुठेच नव्हती.

रात्रभर बोट बाहेरच उभी ठेवून दुसऱ्या दिवशी हा धक्क्यावर उतरला आणि मी सगळ्यांसमोर रडले. मग त्याला तोंडानं झोडपलं. निघताना मोरिता-सानांनी हळूच विचारलं, “भोंग्याला उत्तर कोणी दिलं होतं?”

“यांनीच,” मी म्हणाले.

त्यांनी क्षितिजकडे पाहिलं आणि कमरेत वाकले. आमची टॅक्सी सुटेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

आता रविवारी हा दुपारी जेवून आडवा झाला की या खिडकीबाहेर लांबवर तो भोंगा वाजतो. कोबे बंदराचं शहर, वाजणारच, असं मी स्वतःला बजावत होते. पण हा झोपेतच उठून बसतो. घशातून तस्साच लांब आवाज काढतो. मग या खिडकीकडे हात रोखून म्हणतो, “योशी.” गेल्या रविवारी मी भांडी घासून आले तर खिडकीची कडी काढलेली, आणि हा एक पाय चौकटीवर ठेवून उभा. सातवा मजला आहे गं हा! तेव्हापासून त्याला एकटा झोपू देत नाही मी.

बंदर स्वयंपाकघराच्या बाजूला आहे, अस्मिता. ही खिडकी डोंगराकडे उघडते.