शेजारच्या सीटचं दार

"बाई, मला चोर म्हणाले," मिस्त्री दारातूनच म्हणाला. "चाळीस वर्षं लोकांच्या अडकलेल्या गाड्या उघडतोय. आज चोर ठरलो."

वहिनींनी त्याला खुर्ची दिली. पूर्वी त्या एका विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासत. आता खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे धाकटे दीर टिपणं काढायला सोबत असत आणि सगळं गाव त्यांना भाऊजीच म्हणे. भाऊजींचं अक्षर मोत्यासारखं होतं. डोक्याचा विषय वहिनी सहसा काढत नसत.

मिस्त्रीने घडलेलं सांगितलं. दातांच्या डॉक्टरांकडे वडिलांच्या वेळची दोन दारांची गाडी होती. आज चार वाजता गिऱ्हाईक ती न्यायला येणार होतं. सकाळी डॉक्टर गॅरेजमध्ये गेले, तर दोन्ही दारं लॉक आणि किल्ली आत इग्निशनलाच लटकलेली. दुसरी किल्ली कधीच हरवलेली. त्यांनी मिस्त्रीला बोलावलं.

"काच फोडली?" भाऊजींनी विचारलं.

मिस्त्रीने असं पाहिलं, की भाऊजींनी प्रश्न खोडूनच टाकला.

"जुनं रबर कडक होतं, साहेब. जोर केला की तुकडे पडतात. मी गरम पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं रबरावर ठेवलं. मग चामडं गुंडाळलेली लाकडी पाचर काचेच्या वर हळूच सरकवली, फटीतून तारेचा फास सोडला आणि लॉकची खुंटी वर ओढली. रंगाला ओरखडा नाही! डॉक्टर दोन मिनिटं घरात गेले. आल्यावर डॅशबोर्डचा कप्पा उघडतात, तर गाडीचं मूळ नोंदणी-पुस्तक गायब. त्याच्याशिवाय सौदा होत नाही. म्हणाले, इतक्या सफाईने आत शिरणारा दुसरा कोण आहे?"

"म्हणजे चांगलं काम केलं हाच गुन्हा," वहिनी म्हणाल्या.

"त्यांनी जुन्या गाड्यांच्या मंडळाच्या सेक्रेटरीला फोनही केला. तासाभरात दोघांनी आपल्या गाड्या परत मागितल्या. बाई, माझ्याकडे दुसरं काय आहे? नावच आहे."

वहिनींनी चपला पायात सरकवल्या होत्याच.

गॅरेज लख्ख होतं. गाडी गडद निळी, समोर एकच लांब सीट, आरपार. डॉक्टर घुश्श्यात उभे होते.

"काल संध्याकाळी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं," ते म्हणाले. "तेवढ्यात फोन वाजला. इंजिन बंद केलं, किल्ली तिथेच विसरलो. उतरताना खुंटी दाबली आणि दार लावून टाकलं. रोजच्या गाडीला तसंच करतो मी."

"आणि एरवी या गाडीला?"

"हिला बाहेरून किल्लीने. भोक फक्त माझ्याच दाराला आहे."

वहिनींनी चालकाच्या दाराची खुंटी दाबली आणि दार आपटलं. टक्! खुंटी उडून वर आली. पलीकडे जाऊन त्यांनी शेजारच्या दाराची खुंटी दाबली आणि ते दार लावलं. ती खालीच राहिली. मग चालकाच्या बाजूने आत वाकून त्यांनी ती पुन्हा वर केली.

"चाळा पुरे झाला, वहिनी," भाऊजी कुजबुजले. "मला तर धाकट्या भावाचा संशय येतोय. त्याचे डोळे बघा, कसे भिरभिरतायत."

डॉक्टरांचा धाकटा भाऊ कोपऱ्यात उभा होता. काल संध्याकाळी तोही आला होता आणि गाडी विकण्यावरून डॉक्टरांशी भांडला होता.

"भांडलो, लपवतो कशाला?" तो म्हणाला. "बाबांची गाडी आहे. विकायचीच तर मला विका म्हटलं. मी निदान ती रोज चालवीन."

"चालवता येते तुम्हाला?"

"हिच्यावरच तर शिकलो."

"मग मी आत किल्ली अडकवून ठेवली आहे, ती काढून आणा बघू."

भाऊ चालकाच्या दारातून आत वाकला, थेट हात घालून किल्ली काढली आणि दार ढकलून बाजूला झाला. भाऊजींनी लिहिलं: 'सराईत हात. फार संशयास्पद.'

मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या आवाजात जरा कंप होता, पण घरात असा तमाशा झाल्यावर कुणाच्याही आवाजात असता.

"मला गाडीतलं काय कळणार? चालवता येत नाही मला. चाळीस वर्षं नुसती शेजारी बसतेय."

"तुमच्या जागेवर बसून दाखवता? पुस्तक नेमकं कुठे असायचं ते."

डॉक्टरीणबाई शेजारच्या सीटवर बसल्या, त्यांनी कप्पा दाखवला आणि उतरल्या. उतरताना त्यांनी मागे वळून पलीकडची चालकाची खुंटी दाबली, मग आपली दाबली आणि हलक्या हाताने दार लावलं. हे सगळं बोलता बोलताच झालं. भाऊजींनी लिहिलं: 'बाई व्यवस्थित आहेत.'

वहिनींनी वहीत डोकावून पाहिलं. "भाऊजी, आज तुम्ही सोडवलंत की हो!"

"मी? काय?"

साडेतीन वाजले होते. वहिनींनी मिस्त्रीलाही आत बोलावलं. तो उंबऱ्याशीच थांबला, हातातली टोपी पिळत.

"सगळे एकच विचारत बसले, गाडी उघडली कुणी?" वहिनी म्हणाल्या. "अहो, ती लॉक केली कुणी ते विचारा ना! डॉक्टर, तुमचं दार खुंटी दाबून लावलं, की खुंटी वर येते. आत्ता पाहिलंत तुम्ही. म्हणजे काल तुम्ही गेलात तेव्हा गाडी उघडीच होती. सकाळी मात्र बंद. किल्ली आत असताना ते दार आतूनच लॉक करता येतं. मग करणारा बाहेर पडला कुठून? शेजारच्या दारातून, कारण तेवढंच दार खुंटी दाबून बंद राहतं."

"हे मिस्त्रीलाही ठाऊक असणार," डॉक्टर म्हणाले.

"असेल. पण पुस्तक पळवणारा मिस्त्री गाडी कशाला लॉक करेल? उघडी ठेवली असती, तर सकाळी त्याला कुणी बोलावलं नसतं आणि त्याच्यावर बालंटही आलं नसतं. आणि सकाळी त्यानेच घेतलं म्हणाल, तर काल आत शिरलेला माणूस कशाला आला होता? गाडी चालवणारा माणूस उतरताना किल्ली शोधतो. तुमच्या भावाचा हात आपोआप तिथे गेला, पण दार लावताना खुंटीकडे गेला नाही. काल आत शिरलेल्या माणसाला किल्ली दिसलीच नाही, कारण ती बघणं हे त्याचं काम कधी नव्हतंच. मात्र दोन्ही खुंट्या दाबल्याशिवाय उतरायचं नाही, ही सवय चाळीस वर्षांची. चोरी करताना सुद्धा सुटली नाही."

भाऊजींनी वही सावकाश मिटली. त्यांना डॉक्टरीणबाईंकडे बघवेना.

"ते नेहमी विसरतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून मीच दाबते दोन्ही." मग त्या खाली बघून म्हणाल्या, "पुस्तक माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे."

"अगं, पण का?" डॉक्टर ओरडलेच.

"घरात तुम्ही माझ्याशी बोलता का हो? जेवण झालं का, औषध घेतलं का, संपलं. रविवारी या गाडीत बसलात की दोन तास बोलता. लहानपणचं, बाबांचं, वाटेल ते. ती गेल्यावर मी कुणाचं ऐकू?"

डॉक्टरांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला.

वहिनींना वाईट वाटलं, पण रागही गेला नव्हता. "हे सकाळीच सांगायचं होतंत, बाई. या माणसाची अब्रू जात होती, आणि तुम्ही घरात गप्प बसलात."

डॉक्टरीणबाईंचे डोळे भरले. त्यांनी नवऱ्यापुढे हात केला. "फोन द्या."

सेक्रेटरीचा नंबर त्यांनी स्वतः लावला. "मी डॉक्टरांच्या घरून बोलतेय. पुस्तक मिस्त्रींनी घेतलेलं नाही. मी घेतलं होतं. हो, मीच. सकाळी ज्यांना ज्यांना कळवलंत, त्या सगळ्यांना आत्ता हे कळवा. माझं नाव घेऊन सांगा."

मिस्त्री मटकन उंबऱ्यावर बसला आणि त्याने टोपीने तोंड पुसलं. डॉक्टर त्याच्याजवळ गेले, "मिस्त्री, चुकलो," एवढंच म्हणाले आणि हात देऊन त्यांनी त्याला उठवलं.

मिस्त्रीने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"बाई, एवढंच होतं तर मला सांगायचं," तो म्हणाला. "गिऱ्हाइकासमोर मी ही गाडी चालूच होऊ दिली नसती."