पलीकडच्या काठाला दिलेला शब्द

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे खरं घडलंय. माझ्या सख्ख्या चुलतबहिणीच्या बाबतीत. आणि रात्री-बित्री नाही हं. चांगल्या लख्ख दुपारी, नदीच्या काठावर, जेवणं झाल्यावर.

ताईला नदीकाठच्या गावांचा इतिहास लिहिण्यासाठी फेलोशिप मिळाली होती. किती अर्ज केले आणि किती नकार पचवले, ते तिचं तिला ठाऊक. मिळाली तेव्हा हमसून हमसून रडली. संस्थेने काठावरच दोन खोल्या दिल्या. काकू गेल्यापासून काका घरात एकटेच असायचे, म्हणून तिने त्यांनाही सोबत नेलं.

काका म्हणजे शाळेतले खेळाचे मास्तर. मैदानाच्या या टोकाला ओरडले की त्या टोकाचं पोरगं चड्डी सावरत पळायचं. आता मात्र ठार बहिरे. कानाचं मशीन लावलं तर ऐकू यायचं, काढलं की उशाशी ढोल बडवा, पत्ता नाही.

"बरंय," ते ताईला म्हणायचे, "तुझी बडबड बंद करायला बटण मिळालं."

ताईचा विषय होता पूल होण्याआधीच्या होड्या. त्या काळी पलीकडच्या काठावरून लोक हाक मारायचे. अलीकडून नावाडी ओरडायचा, "आलोऽऽ, थांबाऽऽ!" ते ऐकलं की पलीकडचे लोक ओझी खाली ठेवून निवांत बसायचे. आणि एकदा असा शब्द दिला की नावाड्याने जायचंच. एकच माणूस असो, ताट वाढलेलं असो. हा तिथला रिवाज.

संस्थेच्या मॅडमनी ताईला बजावलं होतं, "फोटो सगळेच दाखवतात. तू आवाज आण. नाहीतर फेलोशिपचं पुढचं वर्ष विसर."

त्या होड्यांवरचा एकच म्हातारा नावाडी उरला होता. बाकी सगळं भरभरून सांगायचा. पण ती हाक द्या म्हटलं की गप्प.

"ते नुसतं म्हणायचं नसतं पोरी. म्हटलं की जावं लागतं."

"आजोबा, रेकॉर्डिंगपुरतं हो."

"नको म्हणतो ना!"

ताईचा हट्ट तुम्हाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती काकांनाच घेऊन जुन्या धक्क्यावर गेली. तिने रेकॉर्डर सुरू केला. काका खूश! किती दिवसांनी कोणीतरी त्यांना ओरडायला सांगत होतं. छाती भरून त्यांनी आवाज दिला.

"आलोऽऽ, थांबाऽऽ!"

ताईची एक सवय होती. बोलणं संपलं तरी रेकॉर्डर लगेच बंद करायचा नाही. त्या जागेची नुसती शांतता थोडी भरून घ्यायची, नंतर तुकडे जोडताना उपयोगी पडते. तशी तिने तीही भरून घेतली.

खोलीवर येऊन हेडफोन लावला. काकांची हाक आली. झकास!

मग शांतता...

पण ही शांतता भलतीच होती.

पाणी वाजत नव्हतं. पाखरू नाही, वारा नाही.

आणि मग लांबून, अगदी हळू...

कोणीतरी ओझं खाली ठेवलं.

मग दुसरं. मग बरीच. कपड्यांची सळसळ झाली... माणसं खाली बसत होती.

एक लहान मूल खोकलं.

ताईने हेडफोन ओरबाडून काढला. पलीकडचा काठ त्या वेळी रिकामा होता. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

तेवढ्यात आतल्या खोलीत झोपलेले काका डोळे चोळत बाहेर आले.

"अगं, कोण हाक मारतंय? बघ तरी. कधीची मारतायत."

"बाबा, तुमचं मशीन कुठंय?"

त्यांना ऐकू आलं नाही.

मशीन टेबलावर पडलं होतं... तिच्या हातापाशी.

त्या दिवसापासून हे सुरू झालं. दुपार झाली की काका अस्वस्थ. चपला घालून दाराशी बसायचे. कानात मशीन नसल्यामुळे ताई बोलली तर ऐकू येत नव्हतं, पण मधूनच मान वर करायचे, "हो हो, आलो" म्हणायचे.

एकदा ती ताटं वाढायला वळली आणि काका दाराशी नव्हते.

ती ऊर फुटेस्तोवर धावली. काका धक्क्याखाली कमरेइतक्या पाण्यात उभे होते, चपलांसकट, आणि पुढेच चालले होते. तिने शर्टाला धरून मागे खेचलं.

"सोड गं!" काका चिडून ओरडले. "किती वेळ बसवून ठेवायचं त्यांना? बायामाणसं आहेत, लेकरं आहेत!"

त्यांना कसंबसं घरी आणून तिने बाहेरून कडी घातली आणि ओल्या कपड्यांनीच नावाड्याचं घर गाठलं. तो खाटेवर गाढ झोपला होता. तिने त्याला गदगदा हलवून उठवलं. तिचे कपडे बघूनच तो सगळं समजला.

"एकदा मी शब्द दिला," तो म्हणाला, "आणि मनात आलं, दोन घास खाऊन जाऊ. तेवढ्यात वरून पाण्याचा लोंढा आला. माझ्या शब्दावर बसली होती ती सगळी. नाहीतर उठून चढावर गेली असती गं..."

"आणि तेव्हापासून?"

"रोज दुपारी हाका. पाण्यात उतरायची हिंमत झाली नाही, कान बंद करता आले नाहीत." त्याने तोंड फिरवलं. "तुझ्या बाबांनी आवाज दिला, त्या दिवसापासून थांबल्या. दुपारचा डोळा लागतोय मला... माफ कर पोरी."

ताईने फेलोशिप सोडली. इतक्या वर्षांचं स्वप्न, पण मागे वळून पाहिलं नाही. काकांना घेऊन शहरात आली, चौथ्या मजल्यावर. नदीचा मागमूस नाही अशा ठिकाणी.

हाका तिथेही आल्या.

काका वाळून काडी झाले. डॉक्टर म्हणाले, वय झालं. आम्ही मनाची तयारी करायला लागलो होतो.

आणि एक दिवस अचानक सगळं थांबलं. काका पोटभर जेवले, झोपले, चक्क घोरले! मी फोनवर आनंदाने ओरडलेच. ताई नुसतं "हो ना" म्हणाली.

परवा ती माझ्याकडे आली होती. दुपारचा चहा घेत बसलो होतो. बोलता बोलता ती थांबली... मान खिडकीकडे वळली.

"काय गं?"

"काही नाही."

तेव्हा माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. घरात येऊन इतका वेळ झाला तरी तिने चपला काढल्या नव्हत्या.

मी कप खाली ठेवला. "ताई... तू परत गेली होतीस त्या धक्क्यावर? तू आवाज दिलास?"

"बाबा झोपतात ना आता?" ती म्हणाली. "मग झालं तर."

मला रडूच फुटलं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. सवयीने माझ्या तोंडून निघालं, "आले, थां..."

ताईने झडप घालून माझं तोंड दाबलं. तिचा हात गार पडला होता. बेल परत वाजली.

"बेलच आहे ना ही?" तिने कुजबुजत विचारलं. "तुलाही ऐकू येतेय ना?"

मी मान डोलावली. मग कुठे तिने हात काढला. दारात शेजारीण होती, किल्ली ठेवायला आलेली.

आता मी रोज दुपारी काहीतरी निमित्त काढून ताईला फोन करते. ती उचलेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. तिला पोहता येत नाही हो.

काल तिने फोन बराच उशिरा उचलला. मागे पाण्याचा आवाज येत होता...

नळ सुरू आहे, म्हणाली.