जास्तीची वायर

दुसऱ्याच्या हातातली वस्तू न विचारता काढून घ्यायची, तीही भर दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत, ही कुठली रीत? बरं, घेतली तर घेतली, वर "ही नको" म्हणून मोकळं व्हायचं! पांढऱ्या मिशांच्या त्या उंच माणसानं नेमकं हेच केलं. आणि कुणाशी, तर बाईंशी. सगळी गल्ली ज्यांना मागून 'फौजदारीण' म्हणते आणि समोर आल्या की नुसतं 'बाई', त्या बाईंशी.

"ही नको म्हणजे?" बाई कडाडल्या. "पैसे माझे, घर माझं, कॅमेरे माझे. तुम्ही कोण ठरवणार?"

इलेक्ट्रिकच्या दुकानातला पंखासुद्धा क्षणभर थबकल्यासारखा झाला. दुकानदार मात्र हसला. "काकू, हेच तर कॅमेरे बसवणारे. मी तुमच्याकडे यांनाच पाठवणार होतो."

"मग आधी बोलायला शिकवून पाठवा."

त्या माणसानं खिशातून छोटा चाकू काढला, बाईंनी निवडलेल्या वायरीचं टोक सोललं, आतली केसाएवढी तार पात्यानं खरवडली आणि बाईंपुढे धरली. वर तांबूस होती. खरवडलेल्या जागी पांढरीफटक.

"वरून तांबं, आत अ‍ॅल्युमिनियम," तो म्हणाला. "कॅमेऱ्याचं चित्र ह्याच वायरीतून येतं आणि वीजही ह्यातूनच जाते. ही वायर दिवसा चालेल. अंधार पडला की कॅमेऱ्याला जास्त वीज लागते, तेव्हा लांबचा कॅमेरा आंधळा होईल. आणि चोर काही दिवसा येत नाही."

बाईंनी वायरीकडे पाहिलं. "म्हणजे आमच्या धाकट्या जाऊबाईच म्हणा की. वरून चकाकी, आत ठणठण."

मिशांच्या आत काहीतरी हललं. हसला असावा.

बाईंना खरं तर भांडायला वेळ नव्हता. गेल्या महिन्यात मागच्या दाराची कडी तोडून कुणीतरी सायकल नेली, आणि परगावी राहणाऱ्या मुलाच्या जिवाला घोर लागला. त्यानं चार कॅमेरे खोक्यात घालून पाठवले आणि फोनवर बजावलं, "आई, रविवारी दुपारपर्यंत चारही माझ्या फोनवर दिसले पाहिजेत. नाहीतर सोमवारी येतो, कुलूप लावतो आणि तुला इकडे घेऊन येतो."

"कुलूप घराला लावणार की मला?" असं बाईंनी विचारलं होतं खरं, पण त्यानंतर त्यांना घास गोड लागला नव्हता. मुलाचं घर अकराव्या मजल्यावर. सून चांगली, पण डबे तिचे, चुली तिच्या. ह्या वयात दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मीठ कुठं आहे म्हणून विचारत राहायचं? छे! आणि आज गुरुवार उजाडला होता.

"बरं, तुम्हाला एवढं कळतं तर तुम्हीच निवडा," बाई म्हणाल्या. "पण मी इथंच उभी राहणार."

"उभ्या राहा ना," तो म्हणाला. "मला बरंच आहे."

हे बोलणं बाईंना जरा आगाऊ वाटलं. पण त्याची निवड बघण्यासारखी होती. त्यानं वायरीच्या चार पेट्या उचलून पाहिल्या आणि सगळ्यांत जड, म्हणजे अस्सल तांब्याची, ती ठेवली. घराबाहेरच्या भिंतीसाठी जाड काळ्या आवरणाची वायर, उन्हानं तडकणार नाही अशी. घरातल्यासाठी साधी. मग वायरीच्या टोकाला लावायची काचेसारखी चिमुकली टोपणं आली. ती दाबून बसवायची पक्कड त्यानं तीनदा उघडझाप करून पाहिली. पहिली परत केली, दुसरी परत केली.

"पक्कडीशी लग्न लावायचंय का?" बाई म्हणाल्या.

"लग्न एकवेळ चुकलं तरी निभतं, बाई. पक्कड चुकली तर वायरीतल्या आठही तारा बोंबलतात."

आता दुकानदारही हसला. बाईंनी ओठ घट्ट मिटले, नाहीतर त्यांनाही हसू आलं असतं.

मग त्यानं अंतरं विचारली. बाईंनी घर पावलांनी मोजून आणलं होतं. फाटकापर्यंत अठ्ठावीस, मागचं दार एकोणीस, जिना अकरा, स्वयंपाकघर चौदा. त्यानं कागदावर मीटर मांडले आणि प्रत्येक आकड्यात आणखी तीन-तीन मिळवले.

"एवढी जास्त कशाला?"

"वायर लहान करता येते, बाई," तो कागदावरून नजर न उचलता म्हणाला. "लांब करता येत नाही. जोड द्यावा लागतो, आणि जोड आला की दुखणं आलं."

बाईंच्या हातातली पिशवी खाली आली... हे वाक्य त्यांनी ऐकलं होतं. हेच, ह्याच शब्दांत. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी.

तेव्हा बाई एकोणीस वर्षांच्या होत्या. शाळा चौथीतच सुटलेली, जीभ मात्र तेव्हापासूनच पदवीधर. गल्लीतला पहिला फोन त्यांच्या वडिलांच्या घरी आला, काळा, जड, मांजरासारखा दबा धरून बसणारा. तो जोडायला एक उंच, लाजरा तरुण आला होता. सगळे त्याला 'फोनवाला' म्हणत. फोन ठेवायचा होता बैठकीत, वडिलांच्या टेबलावर. बाई दाराआडून आईला पुटपुटल्या होत्या, "म्हणजे मैत्रिणीशी बोलायचं ते बाबांच्या नाकासमोर उभं राहून? त्यापेक्षा पत्रच बरं, चुकलेल्या अक्षरांचं."

फोनवाल्यानं ते ऐकलं असावं. कारण काम झाल्यावर कपाटामागे वायरीचं मोठं वेटोळं उरलं होतं. वडील भडकले, "सरकारी वायर अशी उधळतात?" तेव्हा तो खाली बघत म्हणाला होता, "वायर लहान करता येते, साहेब. लांब करता येत नाही."

वडील बाहेर गेले की बाई फोन उचलून थेट मागच्या खोलीच्या खिडकीत नेत. वायर बरोब्बर खिडकीपर्यंत पुरे. एक हात कमी नाही, एक हात जास्त नाही. ती कुणी मोजली होती, कशासाठी मोजली होती, हे बाईंना पुष्कळ उशिरा कळलं.

मग तो दर महिन्याला यायचा. लाइन तपासायला. फोन ठणठणीत असायचा. तो रिसीव्हर कानाला लावायचा, ठेवायचा आणि विचारायचा, "वायर पुरते ना?" बाई म्हणायच्या, "पुरते." बस. एवढाच संसार. तरीही महिन्याचा तो एक दिवस बाई वेणी दोनदा घालायच्या.

शेवटच्या वेळी आला तेव्हा पाऊस थांबून सगळीकडे ओली माती वास सोडत होती. म्हणाला, "माझी बदली झाली. लांब." बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळला... आणि विचारलं, "वायर पुरते ना?"

बाईंचा अभिमान आडवा आला. "पुरते," त्या म्हणाल्या.

त्यानंतर बाईंचं लग्न झालं. नवरा सरळ माणूस, त्याच्याबद्दल बाई वाकडा शब्द ऐकून घेत नाहीत. तो जाऊन अकरा वर्षं झाली. सगळं रीतसर झालं. फक्त कुणाच्या घरी वायरीचं वेटोळं दिसलं की बाई दोन मिनिटं गप्प होत, आणि घरच्यांना वाटे, तब्येत बरी नाही.

"तुम्ही..." दुकानात बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "फोनवाले?"

"तुमचा आवाज मी दाराबाहेरूनच ओळखला," तो म्हणाला. "वायरीच्या भावावरून भांडत होतात."

"म्हणून हातातून वायर ओढलीत?"

"दुसरं काही सुचलं नाही. तुमच्यासमोर मला कधीच सुचत नाही."

शुक्रवारी सकाळी तो शिडी घेऊन आला. बाईंनी ठेवणीतली, मोरपिशी साडी नेसली होती. "बाकीच्या धुवायला टाकल्यात," असं त्यांनी कुणी न विचारता सांगून टाकलं. त्यानं भिंतीला भोकं पाडली, पाईपातून पोलादी पट्टी सरकवून वायरी ओढल्या. बाई खालून हुकूम सोडत होत्या. भोकात शिरण्याआधी वायर खाली लोंबती ठेवलेली पाहून त्या ओरडल्या, "अहो, हा झोळ कसला? ताणून बसवा!"

"पावसाचं पाणी वायरीवरून चालत येतं, बाई. इथं खाली ओघळून पडेल, घरात येणार नाही. थोडा झोळ असावा. सगळं ताणलं की तुटतं."

"हे मला सांगताय का वायरीला?"

"जिला लागू पडेल तिला."

दुपारी टोपणं बसवायची वेळ आली. आठ तारा, आठ रंग, ओळीत लावायच्या. तो चष्मा वर करी, खाली करी. बाईंनी थोडा वेळ पाहिलं.

"दिसत नाही का?"

"नारिंगी पट्टा आणि तपकिरी पट्टा आता सारखेच दिसतात," तो ओशाळून म्हणाला.

"मग तोंड नव्हतं विचारायला? सरका." बाई शेजारी बसल्या. तो क्रम सांगत गेला, त्या तारा सरळ करून त्याच्या बोटांत देत गेल्या. नारिंगी पट्टा, नारिंगी, हिरवा पट्टा, निळी... दुसऱ्या टोपणापर्यंत क्रम बाईंना पाठ झाला. पक्कड दाबली, टेस्टर लावला, आणि एकापासून आठापर्यंत हिरवे दिवे ओळीनं लुकलुकले.

"पहिल्याच झटक्यात!" तो म्हणाला.

"चौथी शिकलेय," बाई म्हणाल्या. "आठपर्यंत मोजता येतं."

त्याच्या बोटांना वायरी सोलल्याचे व्रण होते. तार देताना बाईंचं बोट तिथं टेकलं, आणि उचलायला जरा उशीर झाला. चहा घेताना त्यानं सांगितलं, बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी ह्याच गावात दिली म्हणून परत आलो. बाई "हं" म्हणाल्या आणि त्याच्या बशीत न विचारता आणखी चहा ओतला.

शनिवारी संध्याकाळपर्यंत फाटक, मागचं दार आणि जिना झाले. उरलं स्वयंपाकघर.

"तिथं कशाला मेला कॅमेरा?" बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "दूध उतू गेलं की मुलगा तिकडून ओरडणार. मी एकटीच चहा पीत बसते तेही दिसणार त्याला... पण त्यानं चार म्हटलेत. नाही लावला तर सोमवारी न्यायला येईल."

त्यानं भिंतीला भोकही पाडलं नाही. उरलेली वायर गुंडाळून जिन्याखाली ठेवली आणि गेला.

रविवारी दुपारी मुलाचा फोन आला, चेहरा दिसतो तसला. फोनवाला शेजारीच उभा होता, हत्यारांची पेटी हातात घेऊन.

"आई, तीन दिसतायत. एकदम स्वच्छ! चौथा?"

बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात तो पुढे झुकला. "साहेब, स्वयंपाकघराला वायर पुरली नाही. जोड देता आला असता, पण जोडावर भरवसा नसतो. दारं आणि जिना बंदोबस्तात आहेत. आत शिरायची आणखी वाट नाही."

मुलानं क्षणभर विचार केला. "तुम्हीच सांगताय म्हणजे ठीक आहे. आई, मग मी उद्या येत नाही. सुट्टीत निवांत येईन, राहायलाच."

फोन बंद झाला. बाईंनी जिन्याखाली पाहिलं. वायरीचं वेटोळं तिथंच होतं, चांगलं तीस हात. जन्मात ज्याची वायर कधी कमी पडली नाही, तो माणूस आज त्यांच्यासाठी खोटं बोलला होता, आणि वर कान लाल करून पायरीकडे बघत होता.

तो निघाला. फाटकाशी थांबला. चपलेच्या अंगठ्याशी खेळू लागला. बाईंनी ओळखलं, आता काय येणार ते.

"सगळं... पुरतंय ना?"

"नाही पुरत!" बाई एवढ्या मोठ्यानं बोलल्या की समोरची खिडकी उघडली. "अठ्ठेचाळीस वर्षं तोच एक प्रश्न घेऊन फिरताय! वायरीचं विचारता, माणसाचं विचारायला जीभ टाळ्याला चिकटते. मी गाढव, म्हणून तेव्हा 'पुरते' म्हणाले. आता नीट ऐका. वायर हातभर जास्त सोडणारा आणि शब्द वीतभर कमी देणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही! उद्या चार वाजता चहाला यायचं. परवाही यायचं. फाटकातल्या कॅमेऱ्यात माझा मुलगा बघतो तर बघू दे, मी काही चोरीचा माल घरात घेत नाहीये. आणि ती पेटी घरी ठेवून या. लाइन तपासायला म्हणून आलात तर दार उघडणार नाही. माझ्याकडे म्हणून या."