आपण म्हणजे कोण?

त्या सकाळी मावशींचा खांदा आखडला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

आमच्या लॉन्ड्रीत हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात, गाड्या भरभरून. इस्त्रीच्या मोठ्या रोलरमधून चादर गरमागरम बाहेर पडली की दोघांनी दोन टोकं धरायची, झटकायची, एकमेकांकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा आणि पुन्हा मागे जायचं. माझ्या चादरीचं दुसरं टोक कायम मावशींच्या हातात. मावशी म्हणजे अख्ख्या लॉन्ड्रीच्या मावशी, माझ्या एकटीच्या नव्हेत. त्या दिवशी त्या सुटीवर होत्या आणि वाफेपलीकडे एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता.

"आपण कृपया आपले टोक थोडे वर घ्याल का?" तो म्हणाला.

मला वाटलं, माझ्यामागे मोठे साहेब येऊन उभे राहिलेत. वळून पाहिलं तर कुणीच नाही.

"मला म्हणालास?"

"होय. आपणांस."

मी अशी काही हसले की चादर हातातून सुटून ओल्या फरशीवर पडली. तो वाकला, ती उचलली, शांतपणे पुन्हा धुवायच्या गाड्यात टाकली आणि म्हणाला, "आपण हसता तेव्हा काम वाढते."

कंत्राटदारानं परदेशातून काही माणसं आणली होती, त्यातला तो एक. त्यांना पगार आमच्याहून कमी आणि युनियनमध्ये जागा नाही. युनियनचे अध्यक्ष म्हणजे माझे बाबा, बॉयलरवर असतात. बाहेरचे येतात आणि आपल्या पोटावर पाय देतात, हे मी जेवताना वरण-भातासारखं रोज गिळत मोठी झाले होते. खरं सांगायचं तर मला ते पटतही होतं. गाडीवरच्या ड्रायव्हरदादांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'पाहुणा' ठेवलं, आणि मीही तेच म्हणायचे, जरा ठसक्यातच.

पण ठसका टिकवायला समोरचा माणूस चादरीएवढा तरी लांब लागतो. हा तर दर घडीला जवळ यायचा.

"मला तू म्हण रे," मी एकदा वैतागून म्हणाले. "आपण काय? मी काय मंत्रीण आहे?"

"पुस्तकात लिहिले आहे. अनोळखी व्यक्तीस आपण म्हणावे."

"आणि ओळखीच्या व्यक्तीस?"

"ते शेवटच्या धड्यात आहे. 'मित्र व कुटुंब'. मी अजून तिथवर पोचलो नाही."

"फारच सावकाश वाचतोस बाबा तू."

"सावकाश वाचले की विसरत नाही," असं म्हणून त्यानं त्याच्याकडचा कोपरा माझ्या हातात दिला. कापड गरम होतं. बोटं... बोटंही गरम होती. मी घाईघाईनं घडीकडे पाहिलं, जशी काही आयुष्यात पहिल्यांदाच घडी पाहत होते.

दिवसभर तो जवळ यायचा आणि तेवढ्याच वेळा मागे जायचा. घरी गेल्यावर मला मात्र त्याचं मागे जाणंच तेवढं आठवायचं. भाजी चिरताना, बाबांचा डबा घासताना. रविवार तर खायला उठायचा. माझी मलाच शरम वाटायची. अध्यक्षांची मुलगी, आणि जीव कुठे अडकवून बसली?

मावशींचा खांदा बरा झाला तेव्हा मी म्हटलं, "घाई करू नका मावशी, जपा जरा."

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माझ्या खांद्याची तुला एवढी काळजी? बरं बाई. मी आपली टॉवेलांकडे बसते."

जेवणाच्या सुट्टीत वादाला तोटा नव्हता. त्या दिवसांत पगारवाढीसाठी संपाची बोलणी चालली होती, त्यामुळे रोजच खडाजंगी. ड्रायव्हरदादांनी गाडीच्या काचेवर झेंडा लावला होता आणि त्यांच्या मते जगातले सगळे प्रश्न त्या झेंड्यापाशी सुटत होते.

"ज्याला देशाची चाड आहे," ते घास तोंडात घेऊनच म्हणायचे, "तो आपला देश सोडून दुसऱ्याच्या चादरी धुवायला जातो का?"

"मग तुमचा मुलगा गेलाय तो काय तिकडे हवा खायला?" मावशी.

"त्याची गोष्ट वेगळी आहे."

"सगळ्यांचीच गोष्ट वेगळी असते हो."

दादांचं तोंड बंद झालं की ते पाहुण्याकडे वळायचे. "तू सांग रे. तुझ्या देशाची आणि आमची मॅच लागली, तर कुणाच्या बाजूनं ओरडशील?"

"जो हरत असेल त्याच्या," तो म्हणाला. "तिकडे गर्दी कमी असते. माझा आवाज ऐकू येईल."

सगळे हसले, बाबासुद्धा. बाबा हसल्याचं पाहून त्याला धीर आला असावा. तो उठून बाबांच्या टेबलापाशी गेला, हात मागे बांधून उभा राहिला आणि अदबीनं त्यानं विचारलं, "आपण संपावर जाणार का?"

पंखा तेवढा फिरत राहिला, बाकी सगळं थांबलं.

त्याला विचारायचं होतं, अध्यक्षसाहेब, तुम्ही जाणार का? पण सगळ्यांनी ऐकलं ते, आपण सगळे जाणार का? हा पाहुणा, ज्याला युनियनच्या दारात उभं करत नव्हते, तो आपण म्हणाला होता.

"आपण?" ड्रायव्हरदादा म्हणाले. "हा कधीपासून आपण झाला?"

बाबांचा चेहरा लाल झाला. "आपण नाही. आम्ही जाणार. तू नाही."

चहाच्या मशीनपाशी सुपरवायझर कप भरत उभा होता. संध्याकाळच्या आत वर बातमी गेली की कंत्राटी माणसं संपासाठी चिथावतायत, आणि म्होरक्या हाच. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर चौकशी ठरली. काढलं, तर नुसती नोकरी जाणार नव्हती. त्याचा राहण्याचा परवाना कंत्राटदाराच्या हातात. तो धाडेल त्या गावी जायचं, नाहीतर सरळ मायदेशी.

"माझे काय चुकले?" चादर धरताना त्यानं विचारलं. पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरलेला होता.

मी समजावलं. "आपण म्हणजे समोरचा माणूस, मान देऊन. नाहीतर... समोरचा आणि मी. मिळून."

"मिळून?"

"हो. दोघं. तिघं. शंभर."

"मग कुठला अर्थ ते कळते कसे?"

"कळतं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं की कळतं."

तो चादर घेऊन जवळ आला. कोपऱ्याला कोपरा लागला, पण तो मागे गेला नाही. "आपण कधीतरी नदीकडे जाणार का?" त्यानं हळूच विचारलं. "यात कुठला?"

मी चादरीची शिवण मोजत होते. "तूच सांग."

"आपण माझ्या तोंडाकडे बघतच नाही. मग कसे कळेल?"

मी बघितलं. तेवढं बघितल्यावर कळलं, आणि मग बराच वेळ मला घडी जमेना.

"उद्या साहेबांना सांग," मी शेवटी म्हणाले. "तुम्ही म्हणायचं होतं, चुकून आपण आलं. एवढंच. सुटशील."

त्यानं पुढच्या चादरीचं टोक उचललं.

चौकशीला साहेब, अध्यक्ष म्हणून बाबा, तो, आणि त्याच्याबरोबर काम करणारी म्हणून मी.

"हा सगळ्यांनाच आपण म्हणतो साहेब," मी एका दमात सांगून टाकलं. "मलासुद्धा. पुस्तकातली भाषा आहे ती. त्याला तुम्ही म्हणायचं होतं."

साहेबांना सुटल्यासारखं वाटलं. "मग प्रश्नच मिटला. काय रे, तुम्ही म्हणायचं होतं ना?"

फक्त हो म्हणायचं होतं. एक अक्षर. मी डोळ्यांनी त्याला सांगत होते, म्हण, म्हण ना.

"तेव्हा तसेच म्हणायचे होते," तो म्हणाला. "पण साहेब, नंतर मला दुसरा अर्थ समजला. आपण आज विचारता, म्हणून आजचे सांगतो. आज मला दुसरा म्हणायचा आहे. सगळे. मी आणि माझ्याबरोबरचे लोकसुद्धा. आम्हीही याच चादरी धुतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबा खुर्चीवरून उठले. मला वाटलं, आता यांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जाणार. पण ते साहेबांकडे वळले आणि अगदी सावकाश म्हणाले, "हा आमचा माणूस आहे. याची केस युनियन लढेल. आणि संप झाला तर सगळ्यांचा होईल."

साहेबांनी ऐकून घेतलं आणि तरी त्याला काढलंच.

बाहेर जिन्यात मी त्याला गाठलं. "एवढंसं म्हणायचं होतं. कुणी सांगितली होती नसती हुशारी? केस चालेल वर्षानुवर्षं. तोवर मी काय करू? त्या चादरी कुणाबरोबर..."

"तू रागावलीस," तो म्हणाला.

तू. इतके दिवस मागून मागून मिळाला नव्हता, तो आज मिळाला, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. "शेवटचा धडा वाचलास?" मी विचारलं.

"काल संपवला. लहान आहे. पण मला आवडला."

कंत्राटदारानं त्याला दूरच्या बंदराच्या गावी धाडायचं ठरवलं. मी मनाशी योजलं होतं की बस सुटण्याआधी स्टँडवर त्याला एकट्याला गाठायचं आणि सांगून टाकायचं. पण मी चप्पल घालतेय तोच बाबा म्हणाले, "थांब, मीही येतो. अध्यक्षानं जायला हवं." कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

स्टँडवर बाबांनी त्याला तारीख समजावली, कागद कसे जपायचे ते समजावलं, सुनावणीला काय बोलायचं आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही ते समजावलं. मग दोघांत वाद जुंपला. बाबा म्हणाले, आधी देश, मग युनियन. तो म्हणाला, देश कुठला ते आधी ठरवू द्या. बाबांना त्यातही मजा यायला लागली. मी बाजूला उभी. त्याचं बोलणं त्यांच्याशी आणि नजर माझ्यावर. बस लागली. कंडक्टरनं हाक दिली. तो पिशवी उचलून पायरीवर चढला, आणि मला कळलं की आता नाही तर कधीच नाही.

"ऐक," मी म्हणाले. "बाबांसमोरच सांगते, बस काही माझ्यासाठी थांबायची नाही. मला तू आवडतोस. खूप. तू गेल्यावर मला करमणार नाही. केस जिंक, हर, काहीही कर, पण परत ये."

बाबा एकदम वेळापत्रकाचा फलक वाचायला लागले. त्यानं पायरीवरून खाली हात केला आणि माझा हात धरला, घट्ट, बस हलेपर्यंत. "येतो," एवढंच म्हणाला. दार लागलं. काचेमागे तो दिसला, मग नुसती काच दिसली, मग वळण.

परतताना बाजार मागे पडल्यावर बाबा म्हणाले, "ती केस मी युनियन म्हणून घेतली. हे मला आधी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर लढला नसतात?"

"लढलोच असतो," बाबा म्हणाले. "पण साहेबासमोर जरा जास्त ओरडलो असतो."

"मग आता ओरडा ना बाबा," मी म्हणाले, आणि भर रस्त्यात मला रडू फुटलं.